मोठ्या मायनं मोडलेली सोयरीक

नागपूरला आमची मंडळी महिन्यातून एखाद्या रविवारी जमतात. आमची म्हणजे पुरुषांवर जीव लावणारे पुरुष, बायकांवर जीव लावणाऱ्या बायका, अन् घरच्यांनी ‘असलं काही आपल्यात नसते’ म्हणून गप्प बसवलेले बाकी सगळे. मागच्या खेपेला एक पोरगा पाठीवर मोठ्या अक्षरात ‘बायल्या’ छापलेला टीशर्ट घालून आला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. शिवी आपणच अंगावर घातली की तिची धार जाते, असं कोणीतरी म्हणालं. मग ठरलं की आपल्या बाजूनं सगळ्यात आधी कोण बोललं ते एकेकानं सांगायचं. कोणाची बहीण निघाली, कोणाची कॉलेजातली मैत्रीण. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, माझी मोठी माय. तर सगळ्यांनी असे काही लाडिक चेहरे केले, की माझं डोकंच सरकलं.

आमची मोठी माय गोड नव्हती. तिला कोणी गोड म्हटलं असतं तर तिनं त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तिचं-आमचं वैर होतं. माझ्या बाजूनं पहिला शब्द तिच्या तोंडून निघाला, हे मला आजही पचत नाही. पण झालं ते तसंच झालं.

मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, करडी गावाच्या पट्ट्यातलं, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. तिचं घर अन् आमचं घर एकाच भिंतीला लागून, पण मी चौथीत असल्यापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. कारण गावाला पाठ होतं: बापानं धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, सरकवला अन् तिची हातभर जमीन आमच्याकडे आली. मोठे बाबा, तिचा नवरा, तेव्हा नुकतेच वारले होते. बाईचं ऐकून कोण घेतं? तेव्हापासून ती सकाळी अंगण झाडताना आमच्या दाराकडे तोंड करून शिव्या द्यायची. त्यात मीही असायचो. मी दहावीत नापास व्हावं, माझे हातपाय मोडावे, असं बरंच काही तिनं मागून घेतलं होतं. लेकरू नव्हतं तिला. धानाच्या लावणीच्या, म्हणजे रोवण्याच्या दिवसांत गावातल्या बाया जमवून ती गुत्त्यानं, ठोक मजुरी ठरवून, बांध्या रोवून द्यायची. अन् तिची टोळी तालुक्यात सगळ्यात चपळ, हे मात्र तिचे वैरीही मान्य करायचे.

आता माझं. ‘बायल्या’ हा शब्द मला कोणी पहिल्यांदा म्हटला ते आठवत नाही, नावासारखाच तो मला लागला. शाळेत म्हणायचे, नळावर म्हणायचे, कबड्डीच्या मैदानावर तर विचारूच नका. ते मी सहन केलं असतं. पण माझा बापही म्हणायचा. आमच्या आज्याला गाव ज्या जातीच्या नावानं हाक मारायचं, ते नाव तोंडातून काढायची आज गावात कोणाची टाप नाही. एकदा बाजारात एकानं काढलं तर बापानं त्याची कॉलर धरली होती. बौद्ध आहोत आम्ही, माणूस म्हणून बोल, असं भर बाजारात सांगितलं होतं. मी तिथंच उभा होतो अन् माझी छाती फुगली होती. तोच बाप घरी आला की माझ्या चालण्याकडे पाहून म्हणायचा, बायल्यावाणी काऊन चालतं बे? शब्दानं माणूस कसा सोलून निघतो हे ज्या घराला ठाऊक होतं, त्याच घरानं मला सोललं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही, जाणारही नाही.

भंडाऱ्याला मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतो. मालकाला माझ्याबद्दल कुठूनतरी लागलं अन् त्यानं ‘सध्या धंदा मंदा आहे’ म्हणून मला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीवर त्याचा साळा बसला. मी गावात आलो तेव्हा रोवणे सुरू झाले होते. बाप माझ्याशी बोलत नव्हता. ट्रॅक्टरच्या मागं चिखल कर, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या पेंड्या वाहा, अशी माणसांची, म्हणजे पुरुषांची कामं होती, पण मला सोबत घ्यायला गावातले पोट्टे तयार नव्हते. मी असलो की त्यांना शर्ट काढून काम करायला लाज वाटते म्हणे. काय पण बायकी लाज!

एके दिवशी मोठ्या मायच्या टोळीतली एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली. टोळी तुटली अन् बांधी तर वेळेत उरकायची होती. मी पारावर बसलो होतो. इतक्या वर्षांत माझ्याशी सरळ न बोललेली ती बाई रस्त्यावरूनच ओरडली, “तुहा हात चालते ना रोवण्याले? मंग बसला काऊन? चाल.” लहानपणी आईच्या मागं बांधीत फिरून माझा हात बसलेला होता, हे तिनं भिंतीपलीकडून पाहून ठेवलं असावं. मी गेलो. खरं सांगतो, बापाला झोंबावं म्हणूनच गेलो.

आमच्याकडे रोवायचं काम बायांचं. बायांच्या ओळीत माणूस वाकला की त्याचं माणूसपण गेलं, असा हिशेब आहे. मी वाकलो. पाऊस रिपरिपत असायचा, सगळ्यांच्या डोक्यावरून कमरेपर्यंत प्लास्टिक, अंगात नवऱ्याचे जुने फुलबाह्यांचे शर्ट. मागून पाहिलं तर कोण कोणती ते ओळखू यायचं नाही. बाया आधी दोन दिवस माझी फिरकी घेत राहिल्या. एकीनं विचारलं, तुले डोहाळे केव्हा लागतेत? मी म्हटलं, तुह्या नवऱ्याले विचार. अशी हसल्या की पेंड्या हातातून सुटल्या. मोठी माय हसली नाही. ती मला सगळ्यांसमोर ‘बायल्या’ म्हणूनच हाक मारायची. ए बायल्या, पुढं सरक. ए बायल्या, भाकर खाऊन घे, वाळून चालली. ऐकलं की आधी मी आतून आखडायचो. पण तिच्या तोंडी त्या शब्दात काहीच नसायचं. कोणाला लंगडा म्हणतात, कोणाला काळा म्हणतात, तसा तो होता, अन् त्याच्या मागोमाग भाकरच यायची.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. माझा बाप विहाराच्या कमिटीत होता, तिथंही कोणीतरी टोमणा मारला. त्यानं घरी येऊन मला काही म्हटलं नाही. भर रोवण्यात, जेव्हा कोणी सोयरिकीचं नाव काढत नाही, तेव्हा त्यानं नाकाडोंगरीकडची एक पोरगी पाहून ठेवली अन् मला गाडीवर बसवून घेऊन गेला.

पोरगी बारावी झालेली, शिवणक्लास केलेली. बाप तिचा खाणीत नोकरीला, साधा माणूस. पोहे झाले. आम्हा दोघांना पाच मिनिटं मागच्या आंगणात बसवलं. तिनं मला एकच विचारलं, स्कुटी शिकवाल का? तिला ब्लाऊज शिवून दुकानात नेऊन द्यायचे होते, कोणाच्या भरवशावर राहायचं नव्हतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? बाप दारात उभा होता. परत येताना रस्त्यात गाडी थांबवून मी ओकलो, तर बाप म्हणाला पोहे जड झाले असतील. दिवाळीनंतर लग्न, असं त्यानं तिथंच ठरवून टाकलं होतं. साखरपुडा तेवढा बाकी होता, त्याला मंडळी पुढच्या रविवारी येणार होती.

रविवार यायच्या आधीच पोरीचा बाप एकटा आला.

मुलीकडचा माणूस असा न सांगता येतो, इकडे-तिकडे मुलाची चौकशी करतो, हे काही नवं नाही. गावात कोणी खरं सांगत नाही, हेही नवं नाही. सोयरीक मोडणं म्हणजे पाप. मुलगा दारुडा असला तरी शेजारी सांगतात, पोट्टा सोन्यासारखा हाये. पोरीचा बाप शहाणा होता. त्यानं गावात न विचारता बांधीत विचारायचं ठरवलं. आजकाल रोवणाऱ्या बाया लांबून टेम्पो भरून येतात, त्यांना गावाशी घेणंदेणं नसतं, त्या खरं बोलतील, असं त्याच्या मनात आलं असावं. आम्हीही टेम्पोतूनच त्या बांधीत उतरलो होतो, टेम्पो रस्त्याला लागलेला होता. ही टोळी गावचीच आहे अन् तिची मुखीण मुलाची सख्खी मोठी माय आहे, हे त्याला कोण सांगणार?

तो धुऱ्यावरून यायला लागला अन् बायांनी त्याला अडवला. रोवणा चालू असताना परका माणूस धुऱ्यावर आला की त्याला चिखल लावायचा अन् चहापाण्याचं काढल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमची पद्धत. बायांना वाटलं, खताच्या कंपनीचा साहेब आहे. दोघींनी त्याच्या पांढऱ्या पँटीला हात पुसले. तो बिचारा हसला, खिशात हात घातला, अन् हसणं चालू आहे तोवर विचारून टाकलं, अमक्याचा पोरगा कसा आहे, माझी लेक द्यायची आहे त्याला.

हसणं बंद झालं. मी त्याच्यापासून चार हातांवर, प्लास्टिकखाली वाकलेलो. आवाज ओळखला अन् माझे हात चिखलातच राहिले. एकही बाई माझ्याकडे पाहत नव्हती. त्याचा उपकार मी जन्मभर मानीन.

मोठी माय सरळ झाली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “पोट्टा कामाचा हाये. खोटं बोलत नाई, चोरी करत नाई. पण बायल्या हाये. त्याले बाईची गरज नाई, माणसाची हाये. तुमची पोरगी तिथं वाळून जाईन, भाऊ. देऊ नोका.”

तो जय भीम म्हणाला अन् ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं गेला. पँटीवर चिखलाचे पंजे तसेच होते.

गाडीचा आवाज गेल्यावर मी उठलो अन् तिच्यावर तुटून पडलो. तुला कोणी पंचायत सांगितली होती, तू आमच्या घराचं वाटोळंच करायला बसली आहेस, असं जे तोंडाला आलं ते बोललो. लग्न नको होतं मला. पण माझं उघडं करायचा हक्क तिला कोणी दिला? बोट दाखवून ‘हा पाहा’ म्हटलं नाही, एवढी दया तिनं केली होती, पण तेव्हा मला ती दिसली नाही. ती पुन्हा चिखलात वाकली अन् म्हणाली की ओळ मागं पडून राहिली आहे.

संध्याकाळपर्यंत बापाला फोन आला. मला वाटलं, आता आपलं मरण आहे. पण बाप माझ्यावर चिडलाच नाही. तो मोठ्या मायवर चिडला. धुऱ्याचा सूड उगवला रांडेनं, असं तो आंगणात उभा राहून ओरडला, अन् गावानं माना डोलावल्या. सगळ्यांना ते पटलं. मला जन्मभर बायल्या म्हणणाऱ्या गावाला एका दिवसात खात्री पटली की मी बायल्या नाहीच, बाई जळते म्हणून बोलली. असली माणसं! खरं दारात येऊन बसलं तरी त्याला चहा पाजून परत पाठवतील.

दोन दिवसांत मोठ्या मायच्या हातातल्या बांध्या गेल्या. सोयरीक मोडणारी बाई नको, आमच्याही घरात लग्नाच्या पोरी आहेत, असं एकेक मालक सांगायला लागला. टोळीतल्या बायांना त्यांच्या नवऱ्यांनी दुसऱ्या टोळीत धाडलं. मोठ्या मायजवळ शेत म्हणायला जेमतेम उरलेलं होतं, तिचं सगळं वर्ष त्या रोवण्यावर चालायचं. ती एकटीच आपल्या दारात बसून राहिली. शिव्याही देईना.

बापानं पोरीच्या बापाला फोन करून समजावलं, आमचं जुनं भांडण सांगितलं, रविवारी या, तुमच्यासमोर तिला विचारतो म्हणाला. अन् मला आदल्या दिवशी पढवलं. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं: मोठी माय धुऱ्याच्या रागानं खोटं बोलली. बस. आई माझ्या डोक्यावर हात फिरवत म्हणाली, बोल रे बाप्पा एवढं, मंग सारं गोड होते. तिचं खोटं नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर माझं नाव धुऊन निघालं असतं, बापाची मान वर झाली असती, मला घर मिळालं असतं. पोरगी माझ्या दारात आली असती. अन् मोठी माय मेली असती तरी तिला कोणी बांधीत उभी केली नसती.

रविवारी आमच्या आंगणात खुर्च्या मांडल्या. पोरीचा बाप अन् तिचा मामा आले होते, गावातले चार वडीलधारे होते. मोठ्या मायला बोलावणं धाडलं. ती आली अन् खुर्ची दिली तरी उभीच राहिली. बापानं विचारलं, तू रागानं बोलली का नाही? ती म्हणाली, राग तर हायेच. पण बोलली ते खरं बोलली, त्याले विचारा.

सगळे माझ्याकडे वळले. बापानं मला डोळ्यांनी इशारा केला. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. मी पोरीच्या बापाकडे पाहून बोललो.

“मोठी माय खरं बोलली. मी बायल्या आहो.”

माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच निघाला होता. आजवर तो फक्त कानात घेतला होता. ज्यांनी तो हजारदा मला फेकून मारला होता त्यांनाच तो ऐकवेना, ते खाली पाहायला लागले. पोरीचा बाप उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. हे आमच्या आंगणात पोहे खाताना नव्हतं का सांगता येत, असं त्यानं मला विचारलं. चहा तसाच ठेवून दोघं निघून गेले. वडीलधारे एकेक करून सटकले. बाप आत गेला, माझी बॅग आणली अन् उंबऱ्याबाहेर फेकली. आज्याच्या घरात तुह्यासारख्याले जागा नाई, एवढंच म्हणाला. आईनं दार लावलं नाही, पण उघडंही धरलं नाही.

मी बॅग उचलून मोठ्या मायच्या मागं गेलो. दुसरीकडे कुठं जाणार? तिनं बस म्हटलं नाही, जाय म्हटलं नाही. चुलीजवळ बसून भाजी चिरायला लागली. मला वाटत होतं, जगात कोणीतरी एकजण आहे जे माझ्यासाठी उभं राहिलं. मी म्हटलं, मोठे माय, माझ्यासाठी तू एवढं केलं.

“तुह्यासाठी कायले करू?” ती मान वर न करता म्हणाली. “त्या पोट्टीसाठी केलं. माह्या बापानंबी याच गावात चौकशी केली होती. साऱ्यायनं सांगतलं, पोट्टा सोन्यासारखा हाये.”

मला समजायला वेळ लागला. मोठे बाबा? मला ते आठवत होते ते गप्प बसलेले, शेतातल्या झोपडीत झोपणारे, दिवाळीतही घरी न थांबणारे. मी विचारलं, कोणाकोणाला ठाऊक होतं? ती म्हणाली, तुझ्या आजीला, आज्याला, तुझ्या बापाला. सगळ्या गावाला. लग्न लागलं तेव्हा फक्त तिलाच नव्हतं. मोठ्या बाबांना तोंडावर कोणी काही म्हणत नसे, ते माणूस होते ना. तिला म्हणायचे. नळावर, राशनच्या लायनीत, मागून: बायल्याची बायको. ऐकून ऐकून तो शब्द तिच्यासाठी नुसता आवाज होऊन गेला, आता ती तो कोणालाही म्हणू शकते.

“मारत नव्हते,” ती म्हणाली. “दारू पेत नव्हते. माह्याकडं पाहत नव्हते, एवढंच. मी रोज न्हाऊन, वेणी घालून बसत होती. मले वाटे, मीच कुरूप आहो. ते मरेपर्यंत वाटे.”

धुरा सरकवला तेव्हा माझ्या बापाला ती भर पंचांत म्हणाली होती की जमीन घे, पण तुझ्या भावाबद्दल तुला ठाऊक होतं एवढं एकदा माझ्या तोंडावर सांग. त्यानं सांगितलं नाही. बोलणं बंद झालं ते त्यावरून, जमिनीवरून नाही.